मल्हारीचा दाखला आणि तीनशे चौऱ्याऐंशी कंटेनर

कनेरगाव नाक्यावरच्या मेंढी दाखला केंद्रात सोमवारी सकाळी दाखला निघेना, तेव्हा खुर्च्यांवर सात कर्मचारी आणि रस्त्यावर मेंढपाळ मल्हारीची एकशे चाळीस मेंढरं उपस्थित होती. वाशीमकडच्या एका वावरात आज खतासाठी मेंढरं बसवायची होती, उद्या तिथे नांगर फिरणार होता. दाखल्याशिवाय कळपाला हद्द ओलांडता येत नाही आणि दाखल्यावर प्रत्येक मेंढराचा फोटो लागतो.

केंद्राच्या प्रोग्रामर प्रियंकाने दुखणं पाच मिनिटांत शोधलं. दाखल्याचा प्रोग्राम ज्या कोड एडिटरमध्ये होता, तो उघडला की तीन मदतनीस सर्व्हर सुरू करायचा. प्रत्येकाला वेगळा कंटेनर, म्हणजे संगणकातली स्वतंत्र खोली. एडिटर मिटला तरी खोल्या चालूच. अशा शहाण्णव साचल्या होत्या आणि मेंढरांच्या फोटोंना संगणकात जागाच उरली नव्हती.

"एका कमांडमध्ये सगळे जातील, सर. आणि सेटिंगमध्ये एक शब्द टाकला, की यापुढचे कंटेनर काम संपल्यावर आपोआप जातील."

केंद्रप्रमुख विश्वंभररावांनी चष्मा काढला. "चालू आहे म्हणजे कार्यरत आहे. कार्यरत असलेल्याला विनाचौकशी काढायचं? उद्या एखादा कामाचा निघाला तर सही कोणाची?"

सबब प्रत्येक कंटेनरला कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरलं. नोटिशीला फोटो लागत नसल्याने ती निघत होती. एडिटर उघडायचा, नोटीस काढायची, एडिटर मिटायचा. शहाण्णव नोटिसा निघाल्या आणि कंटेनर तीनशे चौऱ्याऐंशी झाले. एकाचंही उत्तर आलं नाही.

"बघा, किती कामात आहेत!" विश्वंभरराव गहिवरले. चौकशी संपेपर्यंत कोणाची सेवा खंडित होऊ नये म्हणून, वीज गेली तरी सगळे आपोआप पुन्हा सुरू व्हावेत, अशी सोय त्यांनी प्रियंकाकडून करवून घेतली.

मल्हारी दारात आला. "सायेब, आमी सकाळी मेंढरं सोडतो, सांजेला मोजून कोंडतो. तुमी नुसतेच सोडून राहिले. कोंडायला कोन?"

"विषय तांत्रिक आहे."

"मंग माही मेंढरं बी आत येऊन राहिली. ते बी तांत्रिकच समजा."

आली ती सगळीच आली. एकाने आवक रजिस्टर खाल्लं, एका एडक्याच्या शिंगात वायर अडकली आणि संगणक बंद पडला. प्रियंकाने टाळ्या वाजवल्या. वायर पुन्हा लावली, तर तीनशे चौऱ्याऐंशी कंटेनर जागेवर हजर! केंद्राच्या इतिहासात शंभर टक्के हजेरी प्रथमच लागली.

मग मात्र प्रियंकाचं डोकं फिरलं. तिने कोणालाही न विचारता कमांड दिली. कंटेनर शून्य. चाळीस सेकंदांत दाखला हातात.

मल्हारीने तो मुंडाशात खोवला. मेंढरं हाकता हाकता त्याची नजर सात खुर्च्यांवरून फिरली. त्यातले चौघे नऊ वर्षांपूर्वी संपलेल्या मेंढी मोजणीसाठी नेमलेले होते.

"ताई, ही कमांड खुर्चीतल्यांवर चालती का?"

सातही जणांनी एकदम एकेक फाइल उघडली. हे कार्यालयीन वेळेत वाचत असलेल्या आपणही आत्ताच एक उघडलीत, याची नोंद घेण्यात आली आहे.