ठिपक्यापासून प्रदक्षिणा

"एकदा यंत्र बसलं की पंपाकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही," असं नीलांबरीबाईंनी भिंगारमधल्या त्यांच्या सोसायटीत छातीठोकपणे सांगून टाकलं. वरची टाकी भरेपर्यंत रोज दुपारी कुणीतरी पाळीने पंपापाशी बसायचं, अशी तिथली रीत. आणि दुपारची झोप हुकली की बाईंचा दिवस दुधासारखा नासे. शिवाय त्या विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना जमणार नाही तर कुणाला?

संगमनेरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातीने, मनवाने, प्रोग्राम भरलेली आठ पायांची चिप पाठवली, सोबत माहितीचा कागद. टाकी रिकामी झाली की पंप चालू. भरली की पंप बंद आणि घंटा. बाकी जोडणी तिनेच करून पाठवली होती. पंपाची तार तिसऱ्या पायाला आणि घंटेची सातव्याला, एवढंच उरलं होतं. चिपवर ठिपका, तिथला पाय पहिला.

"कागद नीट बघ," बाईंचे यजमान मार्तंडराव वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"अहो, आठपर्यंत मोजायला कागद कशाला?"

बाईंनी तारा लावल्या. शाळेत असते तसली दणदणीत विजेची घंटा मुद्दाम आणवली होती, ती मोठ्या हौसेने स्वतःच्या निजायच्या खोलीबाहेर टांगली. बटण दाबताच पंप सुरू झाला! टाळ्या पडल्या. टाकी सकाळीच काठोकाठ भरून ठेवलेली आहे, हे त्या टाळ्यांत कुणाला आठवलंच नाही. बाई कृतार्थ होऊन निजल्या.

जाग आली ती शेजारच्या पुष्पावतीबाईंच्या आवाजाने. गच्चीवर वाळत घातलेल्या त्यांच्या कुरडया होड्यांसारख्या पन्हाळीकडे निघाल्या होत्या.

"नीलांबरीबाई, भरलेल्या टाकीत पाणी सोडतंय तुमचं यंत्र. उद्यापासून रोज दुपारी पंपापाशी तुम्हीच बसायचं."

पंपाचं मेन बटण बंद करून बाईंनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन मनवाला फोन लावला.

"आजी, पाय कुठल्या बाजूने मोजलेस?"

"कुठल्या म्हणजे? ठिपक्यापासून उजवीकडे. देवाला प्रदक्षिणा घालतो तसे."

"चिपचे पाय घड्याळाच्या उलट मोजतात गं. कागदावर चित्र आहे बघ. तू तिसरा समजलीस तो सातवा निघाला आणि सातवा तो तिसरा. घंटेच्या जागी पंप लागलाय."

"शंकराला निदान अर्ध्यावरून तरी मागे फिरतात," मार्तंडराव म्हणाले, "हिचा देव पहिल्यापासूनच उलटा."

बाईंनी तारांची अदलाबदल केली.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाल्यावर पंप आपणहून सुरू झाला, भरल्यावर आपणहून थांबला. पंपापाशी कुणी नव्हतं. सगळी सोसायटी घोरत होती. नीलांबरीबाईंचाही नुकताच डोळा लागला होता, इतक्यात डोक्याशी घंटा घणघणली.

"ऊठ," कानांत बोळे कोंबत मार्तंडराव म्हणाले, "मधली सुट्टी संपली."