अप्पांनी वाढलेले नूडल्स

अप्पांना बाहेर जेवायला कुठं न्यायचं, या विषयाचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या कोल्हापुरात कुणी केला नसेल. त्यांना शेजारच्या टेबलावर मटण चालायचं नाही, पंखा डोक्यावर चालायचा नाही, आणि वाढणाऱ्यानं घाई केली तर तो माणूसच चालायचा नाही. आजवर सहा हॉटेलांतल्या वाढप्यांना त्यांनी वाढायचं कसं ते शिकवलं होतं, आणि त्या सहा हॉटेलांत मी पुन्हा जाऊ शकत नव्हते.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या रविवारचा बेत बिनतोड होता. मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर एक चिनी-थाई पद्धतीचं हॉटेल निघालं होतं, मोठ्या शहरांत शाखा असतात त्यातलं. तिथं आपणच वाडगं घ्यायचं, चिरलेल्या कच्च्या भाज्या आणि नूडल्स त्यात भरायचे, सॉस सांगायचा, आणि आचारी ते समोर मोठ्या आचेवर परतून देतो. शाकाहाराची कढई वेगळी असते, हे मी फोन करून दोनदा विचारलं होतं. मुख्य म्हणजे तिथं वाढपीच नव्हता. वाढपी नाही म्हटल्यावर वाद कुणाशी घालणार? चाळीस मिनिटांत जेवून घरी, आणि चार वाजता मी उत्तरपत्रिका तपासायला बसणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गेले. पण त्या रविवारी ते ठणठणीत होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

अप्पांचं मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान. पण दुकान हा त्यांचा जोडधंदा म्हणावा लागेल. खरं काम मठातल्या दासोहाचं. तिथं येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालतात, आणि चाळीस वर्षं त्या पंगतीत वाढायला अप्पा. त्यांचं एक तत्त्व होतं: माणूस स्वतःच्या हातानं घेतो तेव्हा लाजतो आणि अर्धपोटी उठतो. त्याला दुसऱ्यानंच वाढलं पाहिजे, आणि तो 'नको' म्हणाला की त्यावर आणखी एकदा. अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हापासून हे तत्त्व रोज दोन वेळा माझ्यावर चालवलं जात होतं.

तर मी वाडगी आणायला वळले. एवढीच माझी चूक.

परत येऊन बघते तो अप्पा काउंटरच्या कडेला उभे. समोर बारा-तेरा भांडी, कोबी, मोड, मशरूम, नूडल्स, आणि हातात वाडगी घेतलेल्या माणसांची रांग. वाढायला कुणी नाही. असला अनाचार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी कमरेला बांधला, बाह्या सरसावल्या आणि चिमटा उचलला.

पहिली सापडली ती तीन मशरूम घेऊन पुढं सरकणारी एक बारीकशी बाई. तिला त्यांनी थांबवलं आणि तिच्या वाडग्यात नूडल्सचा असा ढीग रचला की पलीकडची बाई दिसेना. मग एक जोडपं आलं. कुठलं गाव, हे वाढण्याआधी विचारायचं असतं, म्हणून विचारलं. हुपरी म्हणाले. हुपरीला अप्पांचं एक जुनं गिऱ्हाईक, म्हणजे ही घरचीच माणसं, म्हणजे डबल. टोफू म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर अप्पांनी ताजं पनीर आहे म्हणून ठामपणे सांगितलं. बघता बघता लोक त्यांनाच विचारू लागले. पांढरा नेहरू शर्ट, कमरेला टॉवेल, वय बहात्तर आणि आवाजात जरब! हॉटेलचा मालकच आलाय असं वाटावं.

पंचाईत व्हायची ती रांगेच्या शेवटी. तिथं कोंबडीची भांडी होती. अप्पा तिथवर माणसाला पोचवायचे, चिमटा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तेवढं तुमचं तुम्ही घ्या पावणं. मी तोंड फिरवतो." मग खरंच भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. दर गिऱ्हाइकामागं एकदा. रांग जिन्यापर्यंत गेली. काचेमागचा आचारी डोंगरासारखी वाडगी कढईत ओतत होता, आणि निम्मे नूडल्स शेगडीवर उड्या टाकत होते.

तोवर गोष्ट आवाक्यात होती. मग मुरगूडचे एक वयस्कर पाहुणे आणि त्यांची बायको तानाबाई रांगेत आले. त्यांची सून अनुजा खाली गाडी लावत होती. उभ्या म्हाताऱ्या माणसांना वाढायचं म्हणजे अप्पांना पाप वाटलं. त्यांनी दोघांना टेबलापाशी नेऊन बसवलं, समोर भरलेली वाडगी ठेवली आणि सावकाश होऊ द्या म्हणाले.

दोघांनी सावकाश होऊ दिलं. कच्चा कोबी, कच्चे मशरूम, वर गार नूडल्स. एवढ्या मायेनं वाढलेलं पानात टाकायचं कसं, म्हणून खालच्या मानेनं चावत राहिले. शहरात असंच खात असतील, असं पाहुणे बायकोला हळूच म्हणाले. तेवढ्यात अप्पा तिथं पोचले.

"कसं झालंय?"

"बरं हाय की," पाहुणे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मग आणि वाढू?"

"नको, नको."

'नको' ऐकल्यावर अप्पा काय करणार, हे तुम्हाला आता सांगायला नको.

दुसऱ्या वाडग्याच्या मध्यावर अनुजा आली. सासू-सासरे ढोरांसारखा हिरवा पाला चघळताहेत आणि एक अनोळखी म्हातारा शेजारी उभा राहून आग्रह करतोय, हे पाहून तिनं जो आवाज लावला तो तळमजल्यापर्यंत गेला असेल. लोक उठून उभे राहिले. मोबाइल निघाले. त्यात माझ्याच वर्गातली एक विद्यार्थिनी, सौंदर्या, होती. ती हसू आवरत चित्रण करत होती, आणि तिचा मोबाइल हळूहळू माझ्या दिशेनं वळत होता.

मॅनेजर धावत आला. सम्राट नावाचा, छातीवर बिल्ला लावलेला तरुण, घामाघूम. त्यानं भोवताली पाहिलं. हातात दोन रिकामी वाडगी घेऊन उभी असलेली मी एकटीच होते.

"मॅडम, हे आजोबा तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही," मी म्हटलं.

अप्पा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांचा उजवा कान मंद होता. त्या क्षणी माझ्याकडं कुठला कान होता, ते मी पुढं बरेच दिवस आठवून पाहिलं. तशी गरज नव्हती. कारण अप्पा माझ्याकडं वळले, माझ्या हातातलं एक वाडगं घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं वाडगं रिकामंच राहिलं की. काय वाढू?"

जन्मात त्यांनी मला ताई म्हटलं नव्हतं. त्यांनी सगळ्या भाज्यांतलं थोडं थोडं वाढलं. ढब्बू मिरची तेवढी वगळली. मला ती आवडत नाही. वाडगं माझ्या हातात देऊन ते सम्राटकडं वळले आणि हात जोडले.

"चुकलं माझं. एकटाच आलतो. हितली पद्धत ठावं न्हवती."

मग मुरगूडच्या पाहुण्यांनीच त्यांची बाजू घेतली. माणूस देवासारखा आहे, पोटभर वाढलं, कच्चं तर कच्चं, असं म्हणून त्यांनी सुनेला गप्प केलं आणि अप्पांना आपल्याच टेबलावर बसवलं. मी तीन टेबलं सोडून बसले. बाप आणि लेक, एकाच हॉटेलात, एकमेकांकडं न बघता नूडल्स खात होते. ते पाहुण्यांबरोबर हसत होते. माझ्या वाडग्यातलं मी सगळं संपवलं.

ते आधी निघाले. मी खाली गेले तर स्कूटरपाशी उभे होते. मागं बसले, नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटेत एकदाच बोलले, की पोरं चांगली आहेत, फक्त वाढायला माणूस नाही. घरी आल्यावर मी उत्तरपत्रिका काढल्या. रात्री बोलू, असं ठरवलं होतं. रात्री म्हटलं, सकाळी. सकाळी ते अंघोळ करून पूजेला बसले आणि बसल्या जागीच गेले.

त्यानंतर ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! भेटायला येणारे गप्प बसून राहत, तेव्हा मीच सुरू करायचे. हुपरीचं जोडपं, भिंतीकडं तोंड, मुरगूडचा कच्चा कोबी. लोक डोळे पुसत हसायचे. मॅनेजर येतो तिथं मी हात धुवायला गेलेली असायचे. सांगून सांगून ते इतकं सफाईदार झालं होतं, की कधीकधी मलाही साबणाचा वास यायचा.

ऑक्टोबरात कॉलेजातल्या मैत्रिणींनी जेवायला तिथंच जायचं ठरवलं. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि कारण शोधायचा कंटाळाही आला होता. मी आधी पोचले. सम्राटनं मला ओळखलं नाही. मी बराच वेळ भांड्यांसमोर नुसतीच उभी होते, म्हणून तो इथली पद्धत समजावू लागला, आणि समजावता समजावता हसला. फेब्रुवारीत इथं एक आजोबा आले होते, म्हणाला. त्यानं सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा वाईट सांगितलं, पण काही गाळलं नाही. मुरगूडचे पाहुणे अजून महिन्या-दोन महिन्यांनी येतात आणि आधी त्यांचीच चौकशी करतात, असंही म्हणाला.

"पुन्हा काही आले नाहीत ते. एकटेच होते हो बिचारे. घरी कुणी जेवायला विचारत नसेल."

मागं रांग थांबली होती. एका बाईंनी मला सरकायला सांगितलं. मी सरकले नाही.

"एकटे नव्हते," मी म्हटलं. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला, काचेमागच्या आचाऱ्यानंही वर पाहिलं. "माझ्याबरोबर आले होते. माझे अप्पा होते ते."