तोंडी वाटणी

उलव्याच्या गोटीराम पाटलाने घराखालचा गाळा आजवर तीन जणांना देऊन टाकला होता, आणि तिन्ही वेळा आपल्या मोठ्या मनाचं त्याला फार कौतुक वाटलं होतं. मुलाची, प्रीतमची, नोकरी सुटली तेव्हा त्याला दिला. लेक सोनल रुसून माहेरी आली तेव्हा तिला दिला. बायकोने, गोजराने, अबोला धरला तेव्हा तिलाही दिला. सगळं तोंडी. मृत्युपत्र कर म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मी काय मरायला टेकलोय?"

जवळच नवा विमानतळ झाल्यामुळे गाळ्याला भाव आला आणि एका सकाळी तिघंही हक्काने गाळ्यात शिरली. प्रीतम मोबाईल दुकानाचा बोर्ड ठोकत होता, सोनलचा टेम्पो पार्लरच्या खुर्च्या उतरवत होता, आणि आत गोजराची विक्रीची सुकट आधीच छतापर्यंत रचलेली होती.

"पप्पा, तुमी मला प्रॉमिस केलेलं," प्रीतम म्हणाला.

"मला तर देवासमोर सांगितलंय," सोनल म्हणाली.

"माझी सुकट हलवून दाखवा," गोजरा म्हणाली, आणि पोत्यावर बसून राहिली.

दुपारपर्यंत अर्धं गाव तमाशा बघायला जमलं. घरात चूल पेटली नाही. उपाशीपोटी गोटीरामला एकदाची अक्कल सुचली आणि त्याने वाशीच्या वकीलबाई गाठल्या.

"दादा, मृत्युपत्र स्वतःच्या मालमत्तेचं करतात," वकीलबाई म्हणाल्या. "घराची जागा कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच. बानं जाताना सांगितलं, हे सगलं तुझं."

"लिहून दिलं?"

"बाप पोराला लिहून देतो काय? शब्द हाय त्याचा."

"म्हणजे जागा अजून वडिलांच्याच नावावर. तुम्हाला बहीण आहे?"

"हाय एक. दिवाले गावात दिलीय. आमच्यात बहिनी काय मागत नाय."

"मागत नसतील, पण निम्मा वाटा त्यांचाच आहे. हक्कसोडपत्रावर त्यांची सही आणा. तोवर हे घर एकट्याने वाटता येणार नाही."

गोटीरामच्या पायाखालची जमीन सरकली. भाऊबीजही फोनवर उरकणारा हा भाऊ संध्याकाळी पैठणी आणि पेढे घेऊन बहिणीच्या दिवाळे गावात हजर झाला. थोरल्या बहिणीला, गिरजाबाईला, काही विचारावं लागलं नाही. गावातली बातमी त्याच्या आधी तिच्या ओट्यावर पोचली होती.

"बाय, घर हातचं जाईल गं," गोटीराम काकुळतीला आला. "पोरा एकमेकांची तोंडा बघत नाय."

गिरजाबाईने पैठणीवरून हात फिरवला, एक पेढा तोंडात टाकला. "तू माझा एकुलता भाव. तुला नाय म्हनू काय? जा, सोडला मी हक्क."

गोटीरामच्या जिवात जीव आला. डोळे पुसत त्याने पिशवीतून कागद काढला आणि पेन पुढे केलं.

तिने ते हळूच बाजूला सारलं.

"सही कशाला रं गोट्या? मी शब्द दिलाय ना," असं म्हणून ती भावासाठी चहा ठेवायला आत गेली.