रामाजीचा शेला

रामाजीला माणूस ओळखायला विचारपूस लागत नसे. बैलबाजारात शंभरातून कामाचा बैल तो दुरूनच काढायचा. मग रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात एक गुरू शोधून काढणं ते काय! कळमेश्वरच्या चहाटपरीवर तो छातीठोक सांगून आला होता, "मयुराच्या गुरूले मी सोता वळखीन, अन् सोताच्या हातानं शेला पांघरीन. नाही तर नावाचा रामाजी नाही."

पोरगी संस्कृतात एम.ए. झाली होती, तेही सुवर्णपदक घेऊन. तिनं हा विषय घेतला तेव्हा याच टपरीवर लोक हसले होते. संत्र्याच्या बागेत ही संस्कृत बोलणार कोणाशी, म्हणून. तेव्हा तिच्या पाठीशी एकच माणूस उभं राहिलं, डॉक्टर ठवकर. घरी मयुरा 'डॉक्टर ठवकर असं म्हणतात, तसं म्हणतात' एवढंच सांगायची. रामाजीनंही जास्त काही विचारलं नाही. विचारेल तो रामाजी कसला!

त्यानं शहरातल्या महाल पेठेतून जरीचा शेला आणला, नारळ घेतला, बागेतल्या संत्र्यांनी टोपली भरली आणि पदवीदानाच्या दिवशी बायकोला, प्रेमिलाला, घेऊन रामटेकला एसटीतून उतरला. मयुरा आदल्या दिवशीच गेली होती.

साध्या सुती साडीतल्या एक बाई त्याच एसटीतून उतरल्या होत्या. आपणही विद्यापीठातच चाललो, टोपलीला हात लावू का, म्हणाल्या. रामाजीनं अख्खी टोपलीच त्यांच्या कमरेवर दिली आणि वाटभर आपली कीर्ती ऐकवली. गुरू कसा ओळखायचा? भारदस्त बांधा, आणि त्यानं नुसतं पाहिलं की माणसं जागच्या जागी गप्प. बाईंनी दोनदा काही सांगायला तोंड उघडलं, पण रामाजीच्या बोलण्यात फट सापडेल तर शपथ.

"अजी, या बाईलेच विचारा ना, डॉक्टर कोनते म्हून," प्रेमिला म्हणाली. त्यावर रामाजीनं, बैल घेताना कोणी वाटसरूला विचारतं का, असं तिलाच विचारलं.

सभागृहात शिरताच त्याला गुरू दिसला. मंचावरच होता. पांढरा झब्बा, पिळदार मिशा, गळ्यात रुद्राक्ष. त्यानं हात वर केला की पोरं थांबत, त्यानं मान हलवली की मगच मोठमोठे पाहुणे बोलायला लागत. बाई टोपलीपायी मागे राहिल्या होत्या. रामाजी तरातरा पायऱ्या चढला, शेला पांघरवला, नारळ हाती दिला आणि त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, सारे हसून राहिले होते माह्या पोरीले. तुमी तिले घडवलं. हे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही."

माइक चालू होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात मयुरा धावत आली. "बाबा, हे प्रेमानंद काका हायेत. स्पीकरवाले."

"मंग डॉक्टर ठवकर कुठी हायेत?"

मयुरानं दाराकडे बोट केलं. तिथं त्या बाई उभ्या होत्या, कमरेवर टोपली घेऊन.

धरणीनं पोटात घ्यावं असं रामाजीला झालं. दुसरा शेला आणलेला नव्हता. प्रेमानंद बिचारा अंगावरचा शेला उतरवू लागला, पण ठवकरबाईंनीच पुढं येऊन त्याला थांबवलं.

"राहू द्या. वीस वर्षं साऱ्या तालुक्याचे सत्कार यांच्या माइकवर झाले, यांचा एकही नाही."

रामाजीनं स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला. घामानं भिजलेला, चुरगळलेला. तो दोन्ही हातांत धरून बाईंपुढं उभा राहिला. "बाई, आता हाच हाय माह्यापाशी."

बाईंनी टोपली खाली ठेवली आणि मान वाकवली. मयुरा रडायला लागली, प्रेमिलाही. पोरीनं गुरू बाकी बापापेक्षा चांगला पारखला, हे रामाजीला त्या घडीला पटलं आणि पोरीच्या अभिमानानं छाती फुगवून त्यानं बाईंना दुपट्टा पांघरवला.

त्या दिवशीचा फोटो आता घरात दारासमोरच लावला आहे. मधोमध जरीच्या शेल्यात प्रेमानंद, शेजारी पदक घातलेली मयुरा आणि कडेला दुपट्टा पांघरलेल्या ठवकरबाई. येणारा-जाणारा हमखास विचारतो, "हे मधातले कोन गा?"

"लय मोठा मानूस हाय," रामाजी मिशीवरून हात फिरवत सांगतो. "त्या दिवशी तो नसता, तं कुलगुरूचाही आवाज निघाला नसता."