टाकी भरेपर्यंतचा पिक्चर

एका वेळी दोन कामं उरकायची, असं सिद्धलिंगप्पानं दुपारी साडेतीन वाजता ठरवलं. तोवर घरात सगळं ठीक होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात त्यानं चाळीस वर्षं गजानं कापड मोजलं. गिऱ्हाइकाला कधी बोटभर कमी दिलं नाही आणि बोटभर जास्तही दिलं नाही. (जास्त तर नाहीच नाही.) शाळा चौथीत सुटली, पण माप कधी सुटलं नाही. जगात जे काही आहे ते मोजता येतं आणि मोजलं की चुकत नाही, असं त्याचं ठाम मत. सत्तरीला आलेल्या माणसाचं ठाम मत म्हणजे काय असतं, ते त्याच्या बायकोला विचारावं.

त्या दिवशी पाण्याचा वार होता. सोलापूरकरांना हे सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं नळ पाच दिवसांनी येतो. सिद्धलिंगप्पाच्या गल्लीत चारला येतो आणि सव्वापाचला जातो. त्या सव्वा तासात भरलं ते तुमचं. पाण्याच्या दिवशी लोक लग्नाला गेले तरी घरातलं एक माणूस मागं ठेवून जातात.

त्या दिवशी मागं राहिला सिद्धलिंगप्पा. पोरगा आणि सून कामावर. नात श्रीदेवी हिची सोयरीक अक्कलकोटला जमलेली, आणि साखरपुड्याची बोलणी करायला दुसऱ्या दिवशी तिकडची बारा माणसं जेवायला यायची होती. म्हणून श्रीदेवीला घेऊन तिची आजी, म्हणजे सिद्धलिंगप्पाची बायको गौरम्मा, साडी आणायला निघालेली. पाहुणे येणार म्हणून तिनं सकाळीच अंगणातला हौद घासून पुसून कोरडा ठणठणीत करून ठेवला होता.

"नीट ऐका," गौरम्मा चपला घालता घालता म्हणाली. "चारला मोटार चालू करायची. चाळीस मिन्टांत वरची टाकी भरती. भरली की कॉक फिरवायचा आन् पाणी हौदात सोडायचं. वरचं पाणी नुसतं धुण्या-भांड्याचं हाय. प्यायचं आन् स्वयंपाकाचं सगळं हौदातलं. ध्यानात आलं का?"

"मला शिकवू नको. चाळीस वर्षं माप केलंय मी."

"कापडाचं केलंय. मागल्या खेपंला खुर्चीत घोरत होता, मीच येऊन कॉक फिरवला."

"घोरत न्हवतो. डोळं मिटून ऐकत होतो."

"हौद भरला न्हाई तर उद्या पावण्यांपुढं रिकामा तांब्या ठेवीन आन् सांगीन, आमच्या मालकांनी डोळं मिटून भरलाय." असं म्हणून ती रिक्षात बसली.

ही गोष्ट सिद्धलिंगप्पाला झोंबली. झोपायचं नाही, एवढं त्यानं पक्कं केलं. आता जागं राहायचं तर काहीतरी बघायला पाहिजे. श्रीदेवीनं मागच्या महिन्यात टीव्हीला नेट जोडून दिलं होतं आणि दाखवलंही होतं, "अज्जा, हे इथले सगळे छोटे पिक्चर आहेत. वेळ कमी असला की ह्यातला एक लावायचा."

तिथंच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. टाकीला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांचा पिक्चर लावायचा. पिक्चर संपला की उठून कॉक फिरवायचा. पिक्चर बघून झाला, पाणीही झालं, झोपही नाही. (असल्या युक्त्या माणसाला एकटा असतानाच सुचतात, कारण तेव्हा अडवणारं कोणी नसतं.)

मग तो पिक्चर निवडायला बसला. पिक्चर कशाबद्दल आहे ते त्यानं एकदाही बघितलं नाही. खाली मिनिटं लिहिलेली असतात तेवढीच बघत गेला. अकरा मिनिटं. "हा तर टोपीचा तुकडा." बावीस मिनिटं. "झंपराचं कापड." एक तास छप्पन. "नऊवारी! काडा बाजूला." शेवटी बरोबर चाळीस मिनिटांचा एक सापडला, तेव्हा त्यानं मांडीवर थाप मारली. "सदऱ्याचं कापड. ना आखूड, ना ढगळ."

चारला नळ आला. सिद्धलिंगप्पानं मोटार चालू केली, आत येऊन रिमोटचं बटण दाबलं आणि खुर्चीत ताठ बसला. कानाला जरा कमी येतं म्हणून आवाज पूर्ण चढवला.

पिक्चर निघाला एका एसटी कंडक्टरचा. त्याच्या गाडीत कुणीतरी पिशवीतला जिवंत कोंबडा विसरून जातं, आणि तो बिचारा मालकाच्या शोधात कोंबडा काखेत मारून गावोगाव फिरतो. सिद्धलिंगप्पा रंगून गेला. अकरा मिनिटं झाली असतील तेवढ्यात शेजारचा बिरुदेव दारात. हा गडी एसटीतच कंडक्टर होता, आता घरी बसून बायकोला सूचना देतो.

"आप्पा, कंडक्टरचा आवाज आला म्हणून आलो. काय हाय हे?"

"बस की. कोंबडा हाय."

बिरुदेव बसला. दोन मिनिटं बघून त्याच्या कपाळाला आठ्या. "कोंबड्याचं तिकीट फाडलं का न्हाई?"

"आता सुरुवातीला काय झालं ते..."

"तिकीट फाडलं का न्हाई, एवढंच सांगा. न्हाईतर गडी सस्पेंड व्हतो! चेकर चढला तर?"

"मी ध्यान दिलं न्हाई बाबा."

"मग तुमी बघितलं काय, डोंबल? पहिल्यापासून लावा."

घरी आलेल्या माणसाला अर्धा पिक्चर दाखवायचा, हे काही सिद्धलिंगप्पाला बरं वाटेना. अर्ध्या ताटावरून कुणाला जेवायला बसवतात का? त्यानं पिक्चर परत पहिल्यापासून लावला. आणि इथं त्याची मोठी चूक झाली. पिक्चर नव्यानं सुरू झाला, म्हणजे टाकीही नव्यानं भरायला लागली, असं त्याच्या डोक्यानं धरून टाकलं. घड्याळ भिंतीवर होतं. पण घड्याळाकडं बघायचं कशाला? माप तर पुढं चालू होतं की!

(तिकीट फाडलं नव्हतं. बिरुदेव पाच मिनिटं महामंडळाचे नियम सांगत बसला.)

कंडक्टर कोंबडा घेऊन तिसऱ्या गावात पोचला तेव्हा दारातून आवाज आला, "शिवाय नमः." बघतो तर शिवयोगी स्वामी, घराण्याचे जंगम, म्हणजे गुरू. उद्याच्या बोलणीला चांगली वेळ कुठली, ते सांगायला गौरम्मानंच त्यांना बोलावलं होतं. दोघं धडपडत उठले. स्वामींना पाट दिला, पाय धुवायला तांब्या दिला, बिरुदेव स्वतः आत जाऊन चहा ठेवून आला.

"चालू द्या, चालू द्या," स्वामी म्हणाले आणि पडद्याकडं बघत बसले. जरा वेळानं म्हणाले, "हा गृहस्थ कोंबडा घेऊन का फिरतोय?"

बिरुदेव सांगायला लागला. सिद्धलिंगप्पानं त्याला गप्प केलं. जंगमाला कुणी उष्टं वाढतं का? त्यानं रिमोट उचलला आणि पिक्चर तिसऱ्यांदा पहिल्यापासून.

"अरे, माझ्यासाठी कशाला," स्वामी म्हणाले, आणि मांडी नीट घालून बसले.

साडेचार वाजून गेले होते. आतल्या खोलीत तिघं, पंखा गरगर, टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आणि घराच्या मागच्या बाजूला, जिकडं बोळ आहे, तिकडं वरची टाकी भरून पाणी पाईपमधून धो धो खाली पडायला लागलं.

"आप्पा," बिरुदेव म्हणाला, "पाऊस पडतोय काय?"

"पडणारच की. पिक्चरमध्ये पावसाळा हाय. गाडीचं छप्पर गळतंय बघ."

"तसं न्हाई, मागनं आवाज..."

"नवा टीव्ही हाय. चारी बाजूनं आवाज देतो."

स्वामींनी मान डोलावली. मग बिरुदेवानंही डोलावली.

पावणेपाचला श्रीदेवीचा फोन आला. सिद्धलिंगप्पानं शिस्तीत पिक्चर थांबवला. (पिक्चर थांबला म्हणजे पाणीही थांबलं. त्याच्या मनात आता दोन्हीला एकच नळ होता.)

"अज्जा, अज्जी विचारतेय, टाकी भरली का?"

"अजून पंचवीस मिन्टं हायत."

"पंचवीस? पाणी उशिरा आलं का?"

"टायमात आलं. अजून कोंबड्याचा मालक सापडायचाय."

 पलीकडून गौरम्माचा आवाज, "काय म्हणतात ते?"

"कोंबडा म्हणतायत, अज्जी."

"झोपेतनं बोलत असतील," गौरम्मा म्हणाली. "रिक्षा बघ आधी."

झोपेचं नाव ऐकून सिद्धलिंगप्पा चिडला. फोन ठेवला आणि पिक्चर पुढं चालू केला. डोळे एवढे ताणून बसला की डोळ्यांत पाणी आलं. घरात त्या वेळी पाण्याचा तेवढाच वापर चालू होता.

सव्वापाचच्या जरा आधी कोंबड्याची मालकीण सापडली. एक आंधळी म्हातारी. कोंबडा आरवला आणि तिनं आवाज ओळखला. बिरुदेवानं नाक पुसलं. स्वामींनीही उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं. सिद्धलिंगप्पा मात्र ताडकन उठला. "संपला! आता कॉक. गौरम्माला म्हणावं, बघ म्हणावं माप!"

अंगणात जाऊन त्यानं मोठ्या थाटात कॉक फिरवला आणि हौदात डोकावला. पाईपातून चहाच्या कपाएवढं पाणी आलं आणि थांबलं. मोटार कोरडी घरघरायला लागली. नळ गेला होता.

त्यानं मोटार बंद केली. मोटारीचा आवाज थांबला तेव्हा मागच्या बोळातला आवाज ऐकू आला. बायकांचा. तो बोळाचं दार उघडून बघतो तर अर्धी गल्ली तिथं. घागरी, बादल्या, कळशा, एक पिंप, आणि कुणाच्या तरी पातेल्यांची सगळी उतरंड. वरच्या पाईपातून शेवटचे थेंब टपकत होते आणि त्याखाली चंद्रव्वानं तांब्या धरला होता.

ही चंद्रव्वा म्हणजे बोळाच्या पलीकडची. अंगणात दोन तांबे पाणी जास्त शिंपडलं म्हणून सिद्धलिंगप्पानं तिला गेल्या उन्हाळ्यात चारचौघांत झापलं होतं.

"आप्पा," ती तांब्या कडेला ठेवून म्हणाली, "आमी तुमाला चुकीचं समजत होतो. नातीचं जमलं म्हणून गल्लीला पाणी वाटलं तुमी! असं कोण करतंय हो आजकाल?"

"अगं पण... कुणी मला हाक का मारली न्हाई?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "पुण्य करणाऱ्याला मधेच आडवू नये म्हणून," मागून एक जण म्हणाली.

 सिद्धलिंगप्पानं नाही म्हणावं तर वेडा ठरतो, हो म्हणावं तर दानशूर. त्यानं दानशूर पत्करलं. तेवढ्यात पुढच्या दारात रिक्षा थांबली.

गौरम्मा थेट हौदापाशी गेली. आत बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढं आठ दिवस सांगत होता.

"झोपला न्हवता?" तिनं विचारलं.

"शपथ घेतो. स्वामींना विचार."

स्वामी हळूच चपला शोधत होते. "जागे होते," ते म्हणाले. "उद्या सकाळी दहा सव्वीसनंतर वेळ चांगली आहे." आणि निघाले.

श्रीदेवी साडीची पिशवी छातीशी धरून उभी. तिचा उतरलेला चेहरा सिद्धलिंगप्पानं बघितला. बारा माणसं. अक्कलकोटची. पहिल्यांदाच घरात. आणि प्यायला पाणी नाही. पोरीनं हौसेनं पिक्चर लावायला शिकवलं, आणि तिच्याच साखरपुड्याच्या बोलणीला अज्जानं कोरडा हौद दिला.

"मी आणतो," तो म्हणाला.

"कुटनं?" गौरम्मानं विचारलं.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं कोपऱ्यातली पितळी घागर उचलून त्याच्या हातात दिली.

मग त्या संध्याकाळी नवी पेठेत चाळीस वर्षं कुणाला बोटभर जास्त न दिलेला माणूस आपलंच पाणी घरोघर मागत फिरला. पहिल्या घरात त्यानं घागर नुसती पुढं केली. दुसऱ्या घरातल्या बाईनं विचारलं, "दिलेलं परत मागत्यात व्हय, आप्पा?" आणि वर भरूनही दिली. तिसऱ्या घरात त्यानं खरं सांगून टाकलं. पिक्चर, कोंबडा, सगळं. तिथून पुढं सोपं गेलं, कारण बातमी त्याच्या आधी पोचत होती, आणि प्रत्येक दारात बाया आधी पोट धरून हसायच्या, मग पाणी ओतायच्या. चंद्रव्वानं तर स्वतः दोन कळशा आणून हौदात रिकाम्या केल्या. बिरुदेव बादल्या वाहत होता आणि प्रत्येक खेपेला सांगत होता, "तिकीट फाडलं असतं तर हे झालंच नसतं." दिवेलागणीला हौद गुडघाभर भरला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, जेवले, पाणी प्याले, बोलणी झाली. मुलाचा आजा तांब्या खाली ठेवून म्हणाला, "पाणी लई गोड लागतंय की तुमच्यात." गौरम्मा म्हणाली, "आमच्या मालकांनी स्वतः एकेक घागर करून आणलंय." पाहुण्यांना कौतुक वाटलं. श्रीदेवी तोंडाला पदर लावून आत पळाली, ती लाजली असं पाहुण्यांनी धरलं.

पाच दिवसांनी परत पाण्याचा वार आला. ह्या वेळी गौरम्मानं रिमोट कमरेला खोचला आणि नवऱ्याला अंगणात कॉकशेजारी स्टूलावर बसवलं, हातात घड्याळ देऊन. सिद्धलिंगप्पा घड्याळाच्या काट्यावर डोळे रोवून बसला. चार वाजले. मोटार सुरू झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बोळाच्या बाजूला काहीतरी खणखणलं म्हणून त्यानं दार उघडलं.

पाईपाखाली घागरींची रांग लागली होती. पुढं चंद्रव्वा, शेजारी ते पिंप.

"काय गं, काय पायजे?"

"काय न्हाई आप्पा, टीव्हीचा आवाज येईना म्हणून काळजी वाटली. आज पिक्चर न्हाई लावला?"

"न्हाई. जा घरी."

"असं काय करताय? लावा की. आन् मागल्या खेपेसारखा आखूड नको हां, माझं पिंप अर्धंच ऱ्हायलं. चांगला तीन तासांचा बघा!"