पेशकारांचा कोपऱ्यातला उंट

एस.टी.त कंडक्टरनं "कुठलं तिकीट?" विचारलं, की दत्तोपंत पेशकार म्हणत, "आत्ताच कशाला जाहीर करायचं? गाडी सुटू तर द्या!" न्हाव्यानं मिशी ठेवायची का विचारलं, तरी तेच. बिचारा वस्तरा धरून उभा. निजामाच्या अमलातली त्यांची कचेरीतली पेशकारी केव्हाच संपली होती. परंड्यात हाक तेवढी उरली होती. गेल्या वर्षी ते गेले.

बुद्धिबळातही तसंच. वाचनालयाच्या ओसरीवर मी त्यांच्याशी अकरा वर्षं खेळलो आणि बहुतेक हरलो. आधी घोडा बाहेर. मग शेजारचं प्यादं एक घर पुढं, त्याच्या मागं उंट, आणि राजा किल्लेकोट करून बंदिस्त. मधली प्यादी जागच्या जागी. "मधलं रान त्याला पेरू द्या, मास्तर. काय पेरलं ते दिसलं, की आपण ठरवू."

एकदा रस्त्याच्या कामावरचे ओव्हरसियर आले. त्यांनी प्यादी मधोमध दामटली आणि हसले. "पेशकार, हा डाव आहे का लपाछपी? हरलात तर पुन्हा असलं खेळायचं नाही. कबूल?"

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. पण आयुष्यात प्रथमच त्यांनी लगेच जाहीर केलं, "कबूल."

ओसरी भरली. "आवो पेशकारसाब, सरका की पुढं! लई दाबलंय त्येनी!" टांगेवाला भीमा ओरडला. दत्तोपंतांनी एक प्यादं मुद्दाम साहेबांच्या तोंडी दिलं. साहेबांनी ते मारलं, आणि मारणारं प्यादं राखायला दुसरं पुढं सरकवलं. तेवढंच हवं होतं. घोडा उडी मारून बाजूला झाला, आणि उंटाची तिरकी वाट थेट पलीकडच्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंत मोकळी! हत्ती गेला, मग वजीर, मग राजा. भीमानं टोपी उडवली. साहेब हात जोडून म्हणाले, "हे मला शिकवा."

घरी जाताना मी विचारलं, "हरला असता तर?"

"डाव माझा नव्हताच, मास्तर. आमच्या हिचा." त्यांची पत्नी मी परंड्याला येण्याआधीच वारली होती. "चुलीपुढं खेळायची. भाकरी उलटायला वळावं लागे, म्हणून राजा आधी बंदिस्त करायची. परत वळली, की मी काय करून ठेवलंय ते बघायची, मग ठरवायची. मला कधी जिंकू दिलं नाही."

दाराशी पोचलो. त्यांनी कुलूप काढलं, आणि अंधाऱ्या घरात तोंड घालून मोठ्यानं सांगितलं, "अगं, जिंकलीस!"