हन्नाबीच्या कातळावर कांदेपोहे

भिजलेले पोहे दिसले की त्यांना फोडणी द्यायची, हे थेरगावात कुणाला शिकवावं लागत नाही. सुमनताईंनीही तेच केलं. त्यात आपलं काय चुकलं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि कुणी समजवायला गेलं तर त्या त्यालाच चार गोष्टी ऐकवतात.

झालं असं, की शेजारच्या एस्तेरबाई नागावकर, मूळच्या कोकणातल्या ज्यू, कायमच्या इस्रायलला निघाल्या होत्या. मुलगा एझ्रा तिकडे, सून तिकडे, आणि डॉक्टरांनी हात टेकल्यावर झालेली नातही तिकडेच. त्या नातीसाठी एस्तेरबाईंनी नवस बोलला होता. अलिबागजवळ खंडाळा म्हणून गाव आहे, तिथं एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे ज्यूंच्या एलिया प्रेषिताचा, कातळ आहे, तिथं जाऊन गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा करीन, असा. लोणावळ्याचा खंडाळा नव्हे, हे त्या प्रत्येकाला दम देऊन सांगायच्या. नात रांगली, चालली, फोनवर आजीला वेडावून दाखवायला लागली, तरी नवस तसाच राहिलेला. गुरुवारी विमान. हातात एकच रविवार.

एझ्रा फोनवर म्हणाला, "आई, जेरुसलेमला मोठी भिंत आहे. जगभरातून माणसं येतात. तिथं फेड ना नवस."

"भिंत मोठी आहे, मान्य आहे. तिथंही डोकं टेकीन. पण भिंतीला मी काही बोलले होते का? बोलले हन्नाबीला. लग्न एकाचं आणि अक्षता दुसऱ्याच्या मांडवात टाकायच्या?"

"अगं, देव एकच ना?"

"देव एकच. शब्द माझा आहे! नवस फेडल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. तुझं ते तिकीट उन्हात वाळत घाल."

हे बोलणं डांगे चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. खरंखोटं तो चौक जाणे.

तर गाडी ठरली सयाजीची. एरवी ती चाकणच्या कंपनीची माणसं वाहते, त्यामुळं सयाजीला घाईची सवय. "पाच म्हंजी पाच, मावशे. शिफ्टची गाडी हाय, लग्नाची न्हाई."

"अरे, आज रविवार आहे."

"गाडीला काय म्हाईत?"

एस्तेरबाईंचं स्वयंपाकघर खोक्यांत गेलेलं, सिलिंडर परत केलेला. म्हणून पहाटे त्यांनी जाडे पोहे धुतले, पातेल्यात निथळत घातले आणि ते सुमनताईंच्या ओट्यावर नेऊन ठेवले. "बघ गं जरा," एवढंच म्हणाल्या आणि साडी नेसायला गेल्या. गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम, खजूर, फळं असं सगळं त्यांच्या पिशवीत तयार होतंच.

सुमनताई मूळच्या बीडकडच्या. प्रवास म्हटला की पहाटे उठून माणसांच्या पोटाची सोय करणं हा त्यांचा धर्म. त्यांनी कांदे चिरून ठेवले होते, शेंगदाणे भाजून ठेवले होते, आणि वळून बघतात तर समोर धुतलेले पोहे! 'म्हातारी बोलायला कडू हाय, पण मनानं गोड,' असं म्हणत त्यांनी कढईत मोहरी टाकली.

गाडीत सुमनताईंचं मोठं पातेलं त्यांच्याच मांडीवर. सगळ्या गाडीभर फोडणीचा वास. एस्तेरबाईंना वाटलं, हा सुमनचा वाटेतला नाश्ता. माझं पातेलं मागं ठेवलं असणार. खालच्या मजल्यावरचे उद्धवराव सोबतीला आलेले. ते एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही ते इन्स्पेक्टरच राहिले होते. पेणजवळ त्यांच्यानं राहवेना.

"सुमनताई, काढा की ते पोहे."

"कुणी हात लावायचा नाही!" एस्तेरबाई कडाडल्या. "आधी हन्नाबी, मग पोट."

सुमनताईंनी झाकण आणखी घट्ट दाबलं. म्हणजे हे प्रसादाचे होते तर! बरं झालं, मीठ नीट पडलंय.

दोघींचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही असं.

खंडाळ्याला ठाण्याचे बेंजामिनकाका वाट बघत उभे होते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते त्यांनी इकडून-तिकडून गोळा करून आणले होते. सगळे पहाटेचे निघालेले, सगळ्यांची तोंडं सुकलेली. एस्तेरबाईंनी कातळावर पांढरं कापड अंथरलं, ताट मांडलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढं केला. "आण गं पोहे."

सुमनताईंनी झाकण उघडलं. पिवळेधमक पोहे. वर कोथिंबीर.

"हे नव्हे. माझे."

"हेच की तुमचे."

"माझे पांढरे होते!"

"मग? पांढरे कोण खातं, मावशी? आजारी माणूस?"

एस्तेरबाईंचा आवाज असा चढला की समुद्राकडं चाललेले बगळे वळून माघारी गेले. "अगं, हा मलिदा आहे, मलिदा! आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. अंगावर धड कापड नाही, सगळे मेल्यासारखे पडलेले. त्यांना उठवलं कुणी? हन्नाबीनं! मग तो अग्नीच्या रथात बसून याच कातळावरून वर गेला. ही बघ चाकाची खूण. पिढ्यान् पिढ्या आमची माणसं इथं गूळ-खोबऱ्याचे पोहे घेऊन येतात. आणि तू त्याच्यापुढं मिरची ठेवतेस?"

"एवढ्या लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला गोड किती खायला घालायचं?" सुमनताईही पेटल्या. "मला काय ठाऊक तुमचा देव गोडखाऊ आहे! बघ गं म्हणालात, बघितलं. फोडणी देऊ नको म्हणाला होतात का?"

"विष घालू नको असंही म्हटलं नव्हतं मी!"

"म्हणा! माझ्या पोह्यांना विष म्हणा! हाच दिवस बघायला चारला उठले मी!"

बेंजामिनकाका मध्ये पडले. "एस्तेर, गावात पोहे मिळतील. पण लवकर. दुपारी यातल्या चौघांना लग्नाला पोचायचंय."

सयाजीला पिटाळलं. तो शिफ्टच्या वेगानं गेला नि त्याच वेगानं आला. एस्तेरबाईंनी घाईनं पोहे भिजवले. ते निघाले चिवड्याचे, पातळ. पाणी लागताच त्यांची खळ झाली. पोस्टर चिकटवावं अशी.

"पोहे म्हनलं, पोहे आनलं," सयाजी म्हणाला. "जाडी कुटं सांगितली?"

"तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय का रे, म्हातारीला नवस बुडवून पाठवायची?" एस्तेरबाईंनी खळीचं भांडं बाजूला सारलं. "जा, पुन्हा जा! जाडे आण!"

एवढ्यात उद्धवराव कातळावर ओणवे झालेले. खिशातली टेप बाहेर. कंपनी सुटली तरी टेप काही सुटली नव्हती.

"एस्तेरबाई, एक शंका आहे. चाकाची खूण एकच दिसते. रथ म्हटला की दोन चाकं. दुसरी कुठाय?"

दहा पुरुषांनी एस्तेरबाईंकडं बघितलं.

"उद्धवराव," एस्तेरबाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांत बोलल्या की समजावं, "तो वर चालला होता, वर! जमिनीवर पार्किंग करत नव्हता. एक चाक आधी उचललं गेलं, दुसरं टेकलेलं राहिलं, त्याची ही खूण. आता तुमच्या कंपनीच्या साहेबाची सही हवीय का त्याला?"

"नाही, नाही. मी आपलं नुसतं..."

"टेप आत!"

टेप आत गेली. सयाजी दुसऱ्या फेरीतून आला तो विमलबाई नावाच्या गावातल्या बाईंना गाडीत बसवूनच. त्यांच्या हातात जाड्या पोह्यांचं डबडं. "दुकान बंद झालंया," सयाजी म्हणाला, "पर ह्यांच्या घरात व्हते."

"आमच्या सासूबाईपण नारळ वाढवायच्या इथं," विमलबाई म्हणाल्या. "घ्या, आजी. कातळ काय कुणा एकाचा असतो होय?"

एस्तेरबाई बोटांनी पोहे चाचपत राहिल्या. मग विमलबाईंच्या गालावरून हात फिरवून त्यांनी पोहे धुतले, गूळ-खोबरं कालवलं, वर वेलची, बदाम, भोवती फळं. ताट असं सजलं की रथ पुन्हा खाली उतरावा. त्यांनी मान वर केली.

"चला, पुरुष हो!"

पुरुष मागं अर्धवर्तुळ करून बसले होते. मध्ये सुमनताई. पातेलं रिकामं. बेंजामिनकाका बोटाला लागलेला शेंगदाणा चाखत होते.

"बेंजामिन! तू सुद्धा?"

"एस्तेर, तूच म्हणालीस हा मलिदा नव्हे. मग हा नाश्ता झाला," काका हात पुसत उठले. "आणि बाईंच्या हाताला चव आहे हो."

सुमनताईंनी आकाशाकडं बघत नाकपुड्या फुलवल्या.

पण प्रार्थना सुरू झाली आणि सगळे उठून उभे राहिले. हन्नाबीचं गाणं म्हणताना एस्तेरबाईंचा आवाज कापत होता. नातीचं नाव घेऊन त्यांनी ताटाला हात लावला आणि डोळे मिटले. बाजूला सुमनताईंनीही हात जोडले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते.

नवस फिटला. मलिदा वाटला. सयाजीनं तीनदा घेतला आणि शिफ्ट विसरला.

परत निघाले. एस्तेरबाई हलक्या झाल्या होत्या. इतक्या, की सुमनताईंना पाणी प्यायला बाटलीसुद्धा दिली. तेवढ्यात एझ्राचा फोन. एस्तेरबाईंनी तो स्पीकरवर लावला.

"आई, फिटला नवस? बरं झालं. आता ऐक, ओरडू नको. आमची कंपनी चाकणला कारखाना काढतीय. मला तीन वर्षांसाठी पाठवतायत. बायको-मुलीसकट. आत्ताच साहेबांचा फोन आला. तू येऊ नकोस, आम्हीच येतो."

चाकणचं नाव ऐकून सयाजीनं आरशातून मागं बघितलं. उद्धवरावांनी यात काही तपासलं नाही.

"येऊ नकोस?" एस्तेरबाई भडकल्या. "खोकी भरली! शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडून झालं! आता कुठल्या तोंडानं राहू मी त्यांच्यात?" फोन ठेवला आणि त्या थबकल्या. शेजारी सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या. फारच बारकाईनं. बाहेर नुसता पत्र्याचा गोठा होता.

"सुमन. इकडं बघ. मी डोळे मिटले तेव्हा तू काय पुटपुटत होतीस?"

"कुठं काय?"

"सुमन!"

"मी म्हटलं..." सुमनताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हटलं, देवा, मला तुझी भाषा येत नाही. पण ह्या म्हातारीला नेऊ नको. तिकडं ती कळंल का कुणाला? आणि इथं मला भांडायला दुसरं आहे कोण?"

एस्तेरबाईंनी नाक ओढलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"म्हणजे नवस माझा, प्रवास माझा, दहा पुरुष माझे, आणि ऐकलं त्यानं तुझं! वा रे न्याय!" मग बोट उगारलं. "मागितलंस, मिळालं. आता तुलाही फेडावा लागेल. एझ्रा आला की याच गाडीनं सगळे येऊ. मलिदा मी शिकवीन तुला."

"मलिदा नाही बोलले मी, मावशी."

"मग काय बोललीस?"

"फोडणीचेच बोललेय," सुमनताई हळूच म्हणाल्या. "पातेलंभर. शेंगदाणे जास्त घालून."

एस्तेरबाईंनी खिडकीची काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि वर आकाशाकडं बघून ओरडल्या, "आणि तू हो म्हणालास?"